मालनबाई आणि तळाचे मासे

पूर्णेच्या रेल्वे कॉलनीत मालनबाईंचं क्वार्टर आमच्या क्वार्टरला लागून होतं. मधे तारेचं कुंपण होतं, पण आम्ही दोघींनी त्याला एवढं मोठं भगदाड पाडलं होतं की कुंपण नावालाच उरलं होतं. त्यांचे मालक दत्तराव इंजिनावर फायरमन. दिवसा ते झोपलेले असत, म्हणून मालनबाई आपला सगळा आवाज बाहेर वापरून घेत. उंच, सावळ्या, कासोटा घातलेल्या. ताडकळसच्या पलीकडच्या एका गावातल्या कुणब्याची लेक. सातवी झालेल्या, आणि त्या सातवीच्या जोरावर महिला मंडळाची बालवाडी चालवायच्या.

त्यांचा एक स्वभाव सांगितला पाहिजे. कुठलीही गोष्ट "अशीच असते" म्हणून त्यांना पटत नसे. "कामून?" म्हणजे "का?" हा त्यांचा ठरलेला प्रश्न. दूध नासलं तरी कामून नासलं, गाडी उशिरा आली तरी कामून आली. बालवाडीतली पोरं त्यांना पाठीमागे "कामूनबाई" म्हणायची. हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचा त्यांना राग नव्हता.

एक रेल्वेचे साहेब सिकंदराबादला बदलून गेले. जाताना त्यांच्या बाईसाहेबांनी घरातली माशांची काचपेटी बालवाडीला देऊन टाकली. लोखंडी पट्ट्यांची चौकट, त्यात बसवलेल्या काचा, वर पत्र्याचं झाकण आणि बाजूला भुंग्यासारखा आवाज करणारा हवेचा पंप. आत लाल, काळे, सोनेरी असे लहान-लहान मासे. पेटी आली त्या दिवसापासून बालवाडीचं रूपच पालटलं. आईचा पदर न सोडणारी पोरं पेटीपुढे बसली की रडायचं विसरायची. पाळीवरून सुटलेले रेल्वेचे खलाशी, भाजी घेऊन परतणाऱ्या बाया, सगळे खिडकीतून डोकावून जायचे. पेटी साऱ्या कॉलनीची झाली.

तिला सजवलंही सगळ्यांनीच. कुणी नदीची वाळू आणली, कुणी रंगीत खडे, कुणी शिंपले. पोरांनी वाळूचा डोंगर केला, त्याच्यापुढे दुसरा डोंगर केला. नदीवरच्या भोयांकडून कुणीतरी शिंगटी माशाची पिल्लं आणून सोडली. बोटाएवढी, चपट्या डोक्याची, लांब मिशांची. ती वर कधी यायची नाहीत. तळाशी वाळूत मिशा फिरवत हिंडायची. सोन्यासारखे मासे राहिले बाजूला, पोरांचा सगळा जीव त्या मिशीवाल्यांवर जडला.

आणि नेमके तेच मरायला लागले.

पहिलं पिल्लू मेलं तेव्हा कुणी फार मनावर घेतलं नाही. मग दुसरं मेलं. भोयांकडून नवी आणली, तीही आठवडा-दोन आठवड्यांत गेली. वरचे लाल-काळे मासे मात्र मजेत. पोरं सकाळी आली की आधी पेटीकडे पळायची, आणि एखादं पिल्लू पोट वर करून पडलेलं दिसलं की जे रडणं सुरू व्हायचं ते शाळा सुटेपर्यंत. बाया म्हणायच्या, नदीचा जीव काचेत राहत नसतो, सोडा तो नाद. मालनबाई ऐकून घ्यायच्या आणि संध्याकाळी भगदाडातून माझ्याकडे यायच्या.

"सुमनबाई, पानी एकच हाय न्हाई का? वरच्यालाबी तेच, खालच्यालाबी तेच. मग हे खालचेच कामून मरायलेत?"

मी चहा ठेवायची.

पहिला संशय मोठ्या सोनेरी माशावर गेला. तो गुंड दिसायचा खरा. मालनबाईंनी त्याला काचेच्या बरणीत वेगळा ठेवला. पिल्लू मेलंच. मग त्यांच्या डोक्यात आलं की हे उपाशी मरत असतील. दाणे टाकले की वरचे मासे झडप घालतात, तळाशी काही पोचत नाही. हे मलाही पटलं. त्यांनी कणकेच्या बारीक गोळ्या करून खाली सोडायला सुरुवात केली, शिजलेली डाळ घातली, शेवयांचा चुरा घातला. पोरांनाही सांगितलं, मिशीवाल्यांसाठी घाला. पोरं काय, डब्यातली पोळीसुद्धा कुस्करून घालायची. त्या महिन्यात पिल्लं आणखी लवकर मेली.

"म्हंजी उपास न्हाई," मालनबाई म्हणाल्या. पण त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत, हे मला दत्तरावांकडून कळलं.

हायस्कुलात चंद्रभान सर विज्ञान शिकवायचे. संध्याकाळी फिरायला निघाले की पेटीपाशी थांबायचे. अगदी सरळ माणूस. मालनबाईंनी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "बाई, मी माशांतला जाणकार नाही. पण आपण एक करून बघू. नवी पिल्लं आणाल तेव्हा निम्मी पेटीत सोडा आणि निम्मी दुसऱ्या कशात तरी ठेवा. पाणी दोन्हीकडे सारखंच भरा. पिल्लं रोगट असतील तर दोन्हीकडची मरतील."

मालनबाईंना हे इतकं आवडलं की त्यांनी सरांना बळंच भाकरी-पिठल्याला बसवून घेतलं. त्यांच्याकडे गळा फुटलेला एक मोठा माठ होता. तो आमच्या पडवीत, सावलीला ठेवला. त्यात नुसतं पाणी, वाळू नाही, खडे नाहीत. पेटीतली पिल्लं गेली, माठातली मात्र खडखडीत जगली. हात घातला की बोटांना मिशा लावून बघायची. त्यांचं खाणं-पिणं मीच करायची, त्यामुळे माझाही जीव त्यांत गुंतला.

"म्हणजे मासा चांगला आहे," सर म्हणाले. "दोष पेटीत आहे. कुठे, ते आता शोधायचं."

दोष सापडला तो असा. एका सकाळी पोरं टाळ्या पिटायला लागली. "बाई, मिशीवाला वर आला! मिशीवाला वर आला!" कधी वर न येणारं पिल्लू पाण्याच्या अगदी वरच्या रेघेला तोंड लावून उभं होतं. तोंड उघडत होतं, मिटत होतं. पोरांना वाटलं, आपल्याला भेटायला आलं. मी त्या दिवशी पोरांना लाडू द्यायला गेले होते. मालनबाईंकडे पाहिलं तर त्यांचा चेहरा उतरलेला. त्या खाली बसल्या, भिंतीला टेकल्या, आणि हात गळ्यावर ठेवला.

"काय होतंय, मालनबाई?"

"त्याला दम लागायलाय," त्या म्हणाल्या. "सुमनबाई, मला ठावं हाय हे. मी आसंच वर बगत व्हते."

मग त्यांनी मला पेवाची गोष्ट सांगितली. पंधरा वर्षांच्या शेजारात त्या कधी बोलल्या नव्हत्या.

त्यांच्या माहेरी दारापुढे ज्वारीचं पेव होतं. जमिनीत खोल खणलेलं, खाली मोठं, वर तोंड लहान. पेव उघडलं की दिवसभर तसंच ठेवायचं, लगेच कुणी उतरायचं नाही, हा नियम. पण मालन आठ-नऊ वर्षांची. चुलत भावंडांनी तिला दुरडीत बसवून दोरीनं खाली सोडलं. हट्ट तिचाच होता. खाली पाय टेकले आणि छातीवर कुणी बसल्यासारखं झालं. ओरडायला गेली तर आवाज नाही. वर तोंडाएवढा उजेड दिसत होता, ताटाएवढा, तो वाटीएवढा झाला. पुढचं काही आठवत नाही.

पेव उघडायचं काम लिंबाजीचं असायचं. गावाबाहेरच्या वस्तीतला तो गडी अंगणात लाकडं फोडत होता. पोरांचा ओरडा ऐकून त्यानं कुऱ्हाड टाकली, कंबरेला दोर बांधला, श्वास रोखला आणि आत उतरला. पोरीला खांद्यावर टाकून वर आला.

"चुलतीनं आदी माज्यावर गोमूत्र शिंपडलं," मालनबाई म्हणाल्या, "आन् मग पानी पाजलं. कामून, तर लिंबाजीनं शिवलं व्हतं. तो तिकडं निंबाखाली खोकत बसला व्हता. त्याला कुनी पानीबी इचारलं न्हाई. मी पडल्या-पडल्या बगत व्हते."

ते पिल्लू दुपारी मेलं. पण मालनबाई आता पेटीकडे वेगळ्या नजरेनं बघत होत्या. "तळाला दम न्हाई," एवढंच त्या पुन्हा-पुन्हा म्हणत होत्या. "तळाला कामून दम न्हाई, हे लिंबाजीलाच इचारलं पायजे."

लिंबाजी आता पूर्णेतच होता. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून दंगल पेटली, तेव्हा त्यांच्या गावातल्या वस्तीलाही आग लावली गेली. घर गेलं, शेळ्या गेल्या. त्याचा मुलगा रेल्वेत गँगमन होता, तो बापाला इकडे घेऊन आला. स्टेशनच्या पलीकडच्या वस्तीत ते राहत होते. मालनबाईंनी त्यांना एकदा बाजारात लांबून पाहिलं होतं. पुढे जायला पाय उचलला नव्हता. माझ्याच गावानं ज्याचं घर जाळलं, त्या माणसाला मी काय तोंड दाखवू, असं त्यांना वाटलं होतं.

रविवारी आम्ही दोघी गेलो. रूळ ओलांडताना मालनबाईंनी माझा हात धरला, आणि ती बाई कधी कुणाचा हात धरणारी नव्हती.

लिंबाजी दारात बाजेवर बसले होते. पांढरं डोकं, बारीक झालेले हात. मालनबाई थबकल्या. लहानपणी घरातल्या सगळ्यांसारखी तीही त्यांना "ए लिंबाजी" म्हणायची. आता तोंडातून आलं ते, "रामराम, बाबा. मी मालन. दारापुढच्या पेवातली."

म्हातारा बराच वेळ बघत राहिला. मग हसला. "जयभीम, माय. ये. बस की बाजंवर."

सुनेनं पाणी आणलं. मालनबाईंनी तांब्या तोंडाला लावून सगळा रिकामा केला. मग त्यांनी माशांची सगळी हकीगत सांगितली. मला वाटलं, म्हातारा हसेल. पण ते नीट ऐकत होते, मधेमधे हुंकार देत होते.

"माशाचं मला कळत न्हाई, माय," ते म्हणाले. "पेवाचं सांगतो. पेव वरून मारत न्हाई, खालून मारतंय. झाकन काढलं की वरची हवा चांगली वाटती. तळाला दानं वलं झालं, कुजलं, की तिथली हवा मरती. तुला वर आनलं तवा तुजी मूठ आवळलेली व्हती. सुटंना. मी उघडून पायली. आत ज्वारी व्हती, काळी पडलेली, आंबूस वास येत व्हता. त्याच्यावरनं मला कळलं, तळ नासलाय. तुज्या बापाला सांगितलं, तळ उपसा. गाडाभर नासकी ज्वारी निगाली."

मालनबाईंना मुठीचं काहीच ठाऊक नव्हतं. त्या आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिल्या.

"बाबा," त्या म्हणाल्या, "तुमी उतरला म्हनून मी हाय. माजी लेकरं हायत. हे सांगायचं ऱ्हाऊन गेलं व्हतं."

"सांगितलंस की आता," लिंबाजी म्हणाले.

मालगाडी धडधडत गेली. मग मालनबाईंनी खाली मान घालून विचारलं, "बाबा, आगीच्या दिशी आमच्या वाड्यातलं कुनी आलं न्हाई का वो?"

"आलं की. तुजा भाऊ आला व्हता, आबासाहेब. हिरीवरनं घागरी भरून आनीत व्हता. एकटाच व्हता. त्याला लोकांनी ढकलून देलं, तरी पुन्ना आला. घर काय वाचलं न्हाई. पर माज्या नातीला त्यानंच बाहेर काढलं." त्यांनी आत बोट केलं. चुलीपाशी एक पोरगी भाकरी थापत होती. "ती बग. ह्याचं मी त्याला कदी बोललो न्हाई. तू सांग. म्हनावं, लिंबाजी इसरला न्हाई."

आबासाहेबांनी ही गोष्ट घरी कुणालाच सांगितली नव्हती. मालनबाई पदरात तोंड घालून रडल्या, मोठ्यानं, आपल्या नेहमीच्या आवाजात. म्हातारा त्यांच्या पाठीवर हात ठेवायला गेला आणि क्षणभर थांबला. मालनबाईंनी तो हात धरून स्वतःच पाठीवर ठेवला.

परत आलो तशा त्या घरी न जाता थेट बालवाडीत गेल्या. कुलूप काढलं, बाही वर केली आणि पेटीत कोपरापर्यंत हात घातला. वाळूचा डोंगर बोटांनी उकरला. वरची वाळू पिवळी, स्वच्छ. खालची काळीकुट्ट. आतून बुडबुडे निघाले आणि खोलीभर नासक्या अंड्यासारखी घाण सुटली. मी नाकाला पदर लावला. मालनबाई मात्र हसत होत्या, डोळे अजून रडून लाल, हाताला काळा चिखल.

"सापडलं, सुमनबाई! सरला बलवा."

चंद्रभान सर आले, वाकून बघितलं, वास घेतला, आणि सगळं जुळवून सांगितलं. वाळूचा थर वीतभर जाड. त्यात खाली घातलेलं सगळं अन्न रुतून बसलेलं. तिथे पाणी खेळत नाही, म्हणून ते कुजतं, कुजताना पाण्यातली हवा खाऊन टाकतं आणि वर विषारी वायू सोडतं. वरच्या माशांना पृष्ठभागाची हवा मिळते. तळाशी तोंड खुपसून राहणाऱ्याला आधी त्याचाच फटका. त्यात हवेच्या पंपाची नळी सुटून वरच तरंगत होती. बुडबुडे छान दिसायचे, पण तळाला त्यांचा उपयोग नव्हता.

"आणि आपण भूक समजून जे जास्तीचं घातलं ना," सर म्हणाले, "त्यानं आणखी बिघडलं. ते मलाही सुचलं नाही. बाई, तुम्हाला कसं सुचलं?"

"मला न्हाई. लिंबाजीबाबाला," मालनबाई म्हणाल्या, आणि सरांनी पेवाची गोष्ट पहिल्यापासून सांगायला लावली. पुढे ते आपल्या वर्गाला कुजण्याचा धडा पेवापासून शिकवायचे.

दुसऱ्या दिवशी बालवाडीत अभ्यास झाला नाही. मासे घागरीत काढले. सगळी वाळू अंगणात आणून पोरांनी टोपल्यांत घालून धुतली. पोरं कमरेपर्यंत ओली, दत्तराव झोपमोड झाली तरी लुंगीवर येऊन हापसा मारत होते. पेटीत परत घातली ती बोटभर जाडीची वाळू, बाकीची बागेत टाकली. डोंगर गेले म्हणून दोन-तीन पोरं रुसली. पंपाची नळी दगडाखाली दाबून तळाला बसवली. खाणं एका वेळी चिमूटभर, आणि ते मालनबाई स्वतः घालणार. खाली उरलं तर बारीक नळीनं ओढून काढायचं. दर आठवड्याला थोडं पाणी बदलायचं. माठातली पिल्लं पेटीत सोडली तेव्हा माझा माठ सुना झाला.

ती जगली. वाढली, इतकी वाढली की पुढे नदीत नेऊन सोडावी लागली. एक मधेच गेलं. त्या वेळी वाळू स्वच्छ होती, नळी जागेवर होती, सगळं बरोबर होतं. मालनबाई पुष्कळ दिवस त्याचा विचार करत होत्या. "त्ये कामून मेलं, त्ये मातर कळलं न्हाई," त्या म्हणायच्या, आणि मला वाटतं तेही त्यांनी मनात धरूनच ठेवलं असणार.

लिंबाजीबाबा पेटी बघायला आले होते. नातीचा हात धरून, धुतलेलं धोतर नेसून. पोरांनी त्यांच्याभोवती गराडा घातला आणि मिशीवाले दाखवले. कॉलनीतल्या एक-दोघी बाया दारातूनच परत गेल्या. मालनबाईंनी ते पाहिलं. त्यांनी स्टोव्ह पेटवला, घरातल्या कपांत चहा केला, बाबांना दिला आणि स्वतः शेजारी जमिनीवर बसून प्यायल्या. मीही बसले. दुसऱ्या दिवशी त्या परत गेलेल्या बायांच्या घरी जाऊन त्यांनी सगळी गोष्ट सांगितली. एक जण पुढे येऊ लागली. दुसरी आली नाही.

दिवाळीत आबासाहेब बहिणीकडे आले तेव्हा मालनबाई त्यांना रूळ ओलांडून घेऊन गेल्या. दोघं पुरुष काय बोलले मला ठाऊक नाही. मी गेले नव्हते. परत येताना आबासाहेबांच्या खिशात लिंबाजींच्या सुनेनं दिलेल्या शेंगा होत्या आणि ते वाटेनं एक-एक फोडून खात येत होते.

वर्षं गेली. आमची बदली झाली, परत पूर्णेलाच, त्याच क्वार्टरमध्ये आलो. चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाच्या नामविस्ताराची बातमी आली. गावात पोलीस होते. बाजारपेठ निम्मी बंद. दत्तराव तेव्हा निवृत्तीला आलेले, ते म्हणाले, "आजच्या दिस ऱ्हाऊ दे, बाबाकडं उद्या जाऊ." मालनबाईंनी तिळाच्या लाडवांचा डबा घेतला आणि चपला घातल्या. मग दत्तरावही उठले. मीही भगदाडातून बाहेर पडले.

वस्तीत निळी पताका लागली होती, हलगी वाजत होती, पोरं नाचत होती. लिंबाजीबाबांना आता नीट दिसत नव्हतं. नातीनं त्यांना अंगणात बाजेवर बसवलं होतं, कपाळाला निळा गुलाल. मालनबाईंनी वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"कोन?"

"मालन, बाबा. तीळगूळ घ्या."

त्यांनी हातानं चाचपून लाडू घेतला, दोन्ही हातांनी मोडला, आणि अर्धा तिच्या तळहातावर ठेवला. मालनबाईंनी तो तिथेच तोंडात टाकला. हलगीच्या आवाजात दोघांना एकमेकांचं बोलणं ऐकू येत नव्हतं, म्हणून ते नुसतेच शेजारी बसून खात राहिले.